भेग कुठवर गेली?

अलास्का हायवे लांबून पाहिला तर सरळसोट, काळाभोर आणि निरुपद्रवी दिसतो. अलास्कातल्या टोक गावाहून परत फिरलो, कॅनडाची हद्द ओलांडली आणि बीव्हर क्रीकच्या अलीकडेच त्याने आपले रंग दाखवायला सुरुवात केली. डांबराला लाटा आलेल्या. एक चढ, लगेच खळगा, पुन्हा चढ. त्यातही एखादी लाट आधी डाव्या चाकाखाली आणि मग उजव्या. कडेला छोटी झेंडी रोवलेली दिसली की ब्रेकवर पाय न्यायचा, हे जातानाच शिकलो होतो. पण सगळ्याच लाटांच्या नशिबी झेंडी नसते. पुढची गाडी कशीबशी सावरते. मागचा ट्रेलर मात्र प्रत्येक लाटेला मान डोलावतो आणि आरशात ते बघत बसण्यापलीकडे आपल्या हातात काही नसतं.

याचं कारण रस्त्याच्या पोटात आहे. इथली जमीन खाली बारमाही गोठलेली. 1942 साली जपानच्या धास्तीने अमेरिकी सैन्याने हा रस्ता काही महिन्यांत काढला. सुरुवातीला वरचं शेवाळ आणि झाडोरा खरवडून काढला, तर खालचा बर्फ उघडा पडून वितळायला लागला आणि बुलडोझर चिखलात रुतले. मग कापलेली झाडं आडवी अंथरून त्यांच्यावर भराव घालायची रीत आली. उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून रस्ता काढत येणाऱ्या तुकड्यांची गाठ 25 ऑक्टोबर 1942 रोजी बीव्हर क्रीकजवळच पडली; एका बाजूला 97 वी, कृष्णवर्णीय सैनिकांची रेजिमेंट, दुसऱ्या बाजूला 18 वी, गोऱ्यांची. त्या गोठलेल्या जमिनीशी भांडण अजून मिटलेलं नाही. काळं डांबर ऊन पितं, खालचा बर्फ वितळतो, भराव बसतो. थंडीत पाणी गोठलं की तोच भराव पुन्हा वर उचलला जातो. भरावाचे निरनिराळे प्रकार, फिकट रंगाचे थर असे प्रयोग बीव्हर क्रीकजवळच्या एका टप्प्यावर करून पाहिले गेले आहेत. आम्ही त्या टप्प्यावरून गेलो तेव्हाही कपाटातले डबे वाजतच होते.

ट्रेलर आमच्याहून फार लहान नाही. 1970 च्या दशकातला, तेरा फुटी, अख्खा फायबरग्लासचा. अशा ट्रेलरांना इकडे लाडाने ‘एग’ म्हणतात. त्यांची कुळकथा मजेदार आहे. कॅनडातल्या विनिपेगमध्ये रे ओलेको नावाचा माणूस फायबरग्लासच्या हलक्या सेप्टिक टाक्यांच्या धंद्यात होता. टाकी जर दोन साच्यांतून काढून हलकी आणि न गळणारी करता येते, तर त्याच रीतीने माणसांना झोपायची खोली का करू नये, असं त्याच्या डोक्यात आलं. 1968 मध्ये ‘बोलर’ हा ट्रेलर आला. नाव बोलर हॅटवरून. पुढे अनेक छोट्या कारखान्यांनी त्याच धर्तीवर ट्रेलर काढले, आमचा त्यांतल्याच एकाचा. वरचं कवच एका साच्यातून, खालचं दुसऱ्यातून, आणि कमरेपाशी दोन्ही आतून काचेच्या पट्टीने सांधलेली. लाकडी सांगाडा नाही, त्यामुळे कुजायला फारसं काही नाही. जोर सगळा त्या तीन-चार मिलिमीटर जाडीच्या कवचाच्या गोलाईत.

बीव्हर क्रीकला पेट्रोल भरताना बायको ट्रेलरमधून पाण्याची बाटली घेऊन उतरली आणि तिने दार ओढलं. दार लागेना. वरचा कोपरा चौकटीला घासत होता.

“सकाळी लागत होतं ना रे?”

“लागत होतं.”

“मग एकतर दार वाढलं, नाहीतर भोक लहान झालं,” असं म्हणून तिने दाराला दोरी बांधली. ती एडमंटनमध्ये पुलांची तपासणी करते. तिच्याशी अशा विषयांवर वाद घालण्यात अर्थ नसतो.

मुक्काम क्लुआनी सरोवराच्या काठी, काँग्डन क्रीकच्या कॅम्पग्राउंडवर होता. तिथल्या रानात सोपबेरीची झुडपं भरपूर. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात ती लालबुंद फळं पिकली की अस्वलं येतात, त्यामुळे त्या दिवसांत उघड्यावर तंबू ठोकू देत नाहीत. ट्रेलर हवा आणि तोही कठीण कवचाचा. फाटकावरची ती सूचना वाचून आम्ही दोरीने बांधलेल्या दाराकडे एकदा बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओलं फडकं घेऊन ट्रेलर पुसायला घेतला, आणि जे एरवी भिंग लावून शोधावं लागलं असतं ते आयतं समोर आलं. क्लुआनीच्या दक्षिण टोकाला स्लिम्स नदीचं खोरं आहे. कास्कावुल्श हिमनदी मागे हटत गेली आणि 2016 च्या वसंतात तिचं वितळपाणी या खोऱ्याऐवजी दुसऱ्या बाजूला वळलं. बेरिंग समुद्राकडे जाणारं पाणी आता पॅसिफिककडे जातं. सरोवराची पातळी खाली गेली, नदीचं पात्र उघडं पडलं आणि वारा सुटला की तिथून पिठूळ, करडी धूळ उठते. जाताना आम्ही तिच्यातून गेलो होतो. फडक्याने वरची धूळ निघाली, पण प्रत्येक चिरेत बसलेली धूळ तशीच राहिली. पांढऱ्या कवचावर करड्या रेघांचा नकाशाच उमटला.

आधी तर पोटात गोळाच आला. मग एकेक रेघ वेगळी बघायला लागलो. फायबरग्लासच्या वर जेलकोट नावाचा रंगाचा, चकाकीचा थर असतो; जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यात काचेचे धागे नसतात, त्यामुळे तो ठिसूळ. जुन्या ट्रेलरवरच्या बहुतेक रेघा या थरातच संपतात. पुढच्या अंगाला एका ठिपक्यातून चहूकडे गेलेल्या रेघा होत्या: समोरून आलेल्या ट्रकने उडवलेला दगड. छताच्या वळणावर एकमेकींना समांतर बारीक रेघा होत्या: तिथे कवच वर्षानुवर्षं वाकत आलंय. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून आणि रिव्हेटांच्या भोकांतून फुटलेल्या रेघाही होत्या. कवचात कुठेही भोक पाडलं की ताण त्या भोकाच्या काठाशी गोळा होतो, आणि चौकोनी भोकाच्या कोपऱ्यात तर जास्तच.

दाराच्या वरच्या कोपऱ्यातली रेघ मात्र निराळ्या जातीची. एकटीच, तिरकी, वितीएवढी. नखाने ओढलं की नख अडकायचं. कोपऱ्याजवळ तळहाताने दाबलं की रेघेची एक कड आत जायची आणि दुसरी जागेवर राहायची. मी नाण्याने ठोकत गेलो. चांगल्या जागी स्वच्छ, टणक आवाज यायचा. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं अंतरापर्यंत तो बसका, भद्द व्हायचा. म्हणजे इथे जेलकोटच नाही, खालचे काचेचे थरही एकमेकांपासून सुटले होते.

“भर घालून टाकू का? एपॉक्सीची ट्यूब आहे,” मी म्हटलं.

“आणि मग ती वाढतेय की थांबलीय ते कसं कळणार तुला?” तिने पर्समधून पेन्सिल काढली. प्रत्येक रेघेच्या टोकाला आडवी खूण आणि बाजूला तारीख. इमारतींच्या भिंतींना तडे गेले की त्यांच्यावर काचेची पट्टी चिकटवून ठेवतात. काच फुटली तर भिंत अजून हलतेय. पेन्सिल हा त्याचाच स्वस्त अवतार. अर्ध्या तासात ट्रेलरभर तारखा झाल्या. दाराच्या कोपऱ्यावर पाणी जाऊ नये म्हणून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावली, तीही टोकाची खूण मोकळी ठेवून.

तिथून हेन्स जंक्शनपर्यंतचा रस्ता फार सुंदर आहे, असं सगळे सांगतात. उजवीकडे शीप माउंटनचे कडे, मग सोल्जर्स समिट, जिथे 20 नोव्हेंबर 1942 ला कडाक्याच्या थंडीत फीत कापून हा रस्ता उघडला, मग सेंट इलायस पर्वतरांगेची पुढची फळी. आम्ही आरशात दार बघत होतो. हेन्स जंक्शनला उतरून ट्रेलरभोवती एक फेरी मारली. बाकी सगळ्या रेघा आपापल्या खुणांच्या आत. दाराची रेघ खुणेच्या पुढे नखभर सरकली होती.

आता उपाय करणं भाग होतं. बायकोने ड्रिल काढून रेघेच्या नेमक्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडलं. चिरेचं टोक जितकं धारदार, तितका ताण तिथे एकवटतो. गोल भोक पाडलं की टोकच उरत नाही आणि चीर काही काळ तरी अडून राहते. पण हा बंदोबस्त झाला, दुरुस्ती नव्हे. कॅफेत चौकशी केली तर गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, “फायबरचं काम आहे ना? मग समुद्राकडे जा.”

म्हणजे हेन्सला. हेन्स जंक्शन युकॉनात, हेन्स अलास्कात, आणि मधला तुकडा ब्रिटिश कोलंबियात. अंतर सुमारे 240 किलोमीटर. झाडं मागे पडतात, चिल्कट खिंडीत रस्ता हजार मीटरच्या वर चढतो, दोन्ही बाजूंना उघडंबोडकं हिरवं पठार आणि वर बर्फ. आणि खिंड उतरली की अचानक ओली, घनदाट झाडी. हवेला मिठाचा वास. सीमेवरच्या अधिकाऱ्याने ट्रेलरला फेरी मारली, पेन्सिलच्या तारखा वाचल्या आणि विचारलं, “हे काय, हिशोब?” “भेगांची हजेरी,” बायको म्हणाली. त्याने न हसता पासपोर्ट परत दिले.

हेन्सच्या बंदरात जाळ्यांच्या बोटी लागलेल्या. काही ॲल्युमिनियमच्या, पण फायबरच्याही बऱ्याच. मला एकदम घरी आल्यासारखं झालं. कोकणात देवबागला मामाच्या दारात मी फायबरच्या होड्या दुरुस्त होताना बघत मोठा झालो आहे: पावसाळ्याआधी होडी वर ओढायची, शिंपले खरवडायचे, फुटलेल्या जागी काचेच्या धाग्यांची मॅट अंथरून ब्रशने रेझिन पाजायचं. रेझिनमधल्या स्टायरिनचा तो उग्र गोडसर वास अंगणात दोन दिवस रेंगाळायचा. मामाचं एक वाक्य ठरलेलं असे: “भेग बुजवशीत रे, पण ती पडली कित्याक ता बघलंस?”

बंदरावर चौकशी करता करता एका बाईंपाशी पोचलो. साठीच्या आसपास, स्वतःची बोट, आणि मासेमारीच्या दोन खेपांच्या मधल्या दिवसांत इतरांच्या बोटींचं फायबरकाम. रविवारी दुपारी मासेमारी खुली व्हायची होती. त्याआधी जे होईल ते होईल, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. मी त्यांना भेग दाखवायला गेलो. त्यांनी तिच्यावर एक नजर टाकली आणि सरळ आत शिरल्या. कपड्यांचं उभं कपाट उघडलं, आतले कोट बाजूला सारले, एक हात छताला लावून वर दाबला. छत सहज वर गेलं. कपाटाची फळी आणि छत यांच्यामध्ये बोट शिरेल एवढी फट होती.

“छत कशावर उभं आहे, माहीत आहे का तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

या ट्रेलरांत कपाटं नुसती सामानासाठी नसतात. वरची पोकळ गोलाई ती तोलून धरतात. कपाट कवचाला पॉप रिव्हेटांनी जोडलेलं असतं, आणि आमच्या कपाटाचे वरचे रिव्हेट तुटून गेले होते. त्यांची डोकी कपाटाच्या तळाशी बुटांमध्ये पडलेली सापडली. आधार सुटला, लाटेलाटेला छत खाली-वर व्हायला लागलं, दाराची चौकट दबली, आणि सगळ्यात अशक्त जागी, म्हणजे कापलेल्या दाराच्या कोपऱ्यात, कवचाने हार खाल्ली.

मग त्यांनी लाकडाचा एक वासा मापाने कापून आणला, फरशी आणि छत यांच्यात उभा केला, खाली पाचर मारून छत थोडं थोडं वर उचललं. बायको बाहेर दारापाशी उभी. तिसऱ्या ठोक्याला दार खट्ट करून लागलं. चिरेच्या दोन्ही कडा समोरासमोर आल्या. अजून रेझिनचा डबाही उघडला नव्हता, पण निदान पक्कं झालं होतं. कवच असं दाबून सरळ केल्याशिवाय चीर भरली असती, तर वाकडेपणाच कायमचा पक्का झाला असता.

खालची लोखंडी चौकटही त्यांनी आडवं पडून तपासली. जुन्या ट्रेलरांत पायरीजवळच्या वाकणावर तिलाही तडा जातो आणि त्याचंही पहिलं चिन्ह दाराच्या कोपऱ्यातच दिसतं. आमची चौकट शाबूत निघाली. रिव्हेटांच्या जागी स्टेनलेसचे बोल्ट घालू या, असं मी सुचवलं. त्यांनी मान हलवली. रिव्हेट मऊ असतो म्हणून आधी तो तुटतो. बोल्ट टाकला तर पुढच्या वेळी बोल्ट टिकेल आणि कवच फाटेल. रिव्हेट महिन्याकाठी बघत जा, म्हणाल्या.

पुढचं काम म्हणजे घाम आणि खाज. आतलं फोमचं अस्तर सोलून काढलं. चिरेच्या दोन्ही बाजूंचा भाग ग्राइंडरने घासायचा, चिरेपाशी खोल आणि काठाकडे उथळ. कवचाच्या जाडीच्या बारापट लांब उतार, हा बोटवाल्यांचा नियम. नुसत्या चिरेत भरलेल्या मसाल्याला धरायला जागाच नसते. उतारावर चिकटलेल्या कापडाला भरपूर मिळते. मास्क, चष्मा, लांब बाह्या असूनही काचेची कुसं मनगटापाशी शिरली आणि रात्रभर खाजकुइली लागल्यासारखं झालं. गरम पाण्याने अंघोळ करू नका, थंड पाण्याने धुवा, हा त्यांचा सल्ला. हेन्सचं थंड पाणी म्हणजे हिमनदीचं धाकटं भावंड.

मी मॅट आणि पॉलिएस्टर रेझिनची वाट बघत होतो, तर त्यांनी एपॉक्सी काढलं. जुन्या, पूर्ण वाळलेल्या फायबरवर नवं पॉलिएस्टर तितकं घट्ट बसत नाही, एपॉक्सी बसतं. मॅटही नको, तिच्यातले तुकडे धरून ठेवणारा चिकटा पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनने विरघळण्यासाठी असतो. एपॉक्सीला विणलेलं किंवा शिवलेलं कापड. तोटा एकच: एपॉक्सीवर नेहमीचा जेलकोट नीट धरत नाही, म्हणून वरून रंगच द्यायचा. देवबागला हार्डनर थेंबांनी, अंदाजाने पडायचा आणि थंडी असली तर एखादा थेंब जास्त. इथे तसा हात सैल सोडून चालत नाही. एपॉक्सीत हार्डनर जास्त घातला म्हणून ते लवकर वाळत नाही, उलट कच्चं राहतं. माप चुकलं तर सगळं खरवडायचं. थंडीवर इलाज म्हणजे ऊब. ताडपत्रीचा आडोसा केला आणि आत दिवा लावून ठेवला.

बाहेरून चिरेवर मेण लावलेला प्लॅस्टिकचा पत्रा दाबून धरला, म्हणजे गोलाई बिघडणार नाही. आतून आधी सगळ्यात मोठा तुकडा, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान. कोरडं पांढरं कापड रेझिन पिऊन पारदर्शक होत जातं. जिथे पांढरा ठिपका राहिला तिथे हवा अडकली आहे, रोलर पुन्हा फिरवायचा. शेवटी कापडामागची चीर एखाद्या काळ्या धाग्याएवढी स्पष्ट दिसत होती, पण दाबली तर हलत नव्हती.

वाळेपर्यंत गावात करण्याजोगं काय, तर हेन्समध्ये हातोड्यांचं संग्रहालय आहे. खरंच आहे, 2002 पासून. भिंतीभर हातोडे: चांभाराचे, डॉक्टरांचे, लोहाराचे. ठोकण्यासाठी माणसाने इतकी हत्यारं केली आणि मी ट्रेलर एका नाण्यावर तपासला, असं वाटून गेलं. बायकोला त्यातले वाजवून परीक्षा घेण्याचे हातोडे जास्त आवडले असते, पण तिथे कशालाही हात लावू देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पॅचवर मेणचट थर आला होता. गार, दमट हवेत एपॉक्सी वाळताना तो येऊ शकतो. तसाच रंग दिला तर सोलून येतो आणि आधीच पॉलिश पेपर मारला तर मेण आणखी आत रगडलं जातं. म्हणून आधी साधं पाणी आणि घासणी, मग पॉलिश पेपर. बाहेरून चिरेवर लांबी भरली, तासली, दोन हात पांढरा रंग दिला. तो पांढरा आमच्या पांढऱ्याशी जुळेना. पन्नास उन्हाळे खाल्लेल्या पांढऱ्याला डब्यातला पांढरा जुळतच नाही. मी म्हटलं, एडमंटनला जाऊन सगळा ट्रेलरच रंगवून टाकू, पेन्सिलच्या खुणा पण जातील. बाईंनी पैसे मोजता मोजता विचारलं, “मग पुढची भेग कशी दिसणार?”

रविवारी त्या बोटीवर गेल्या आणि आम्ही खिंडीकडे. व्हाइटहॉर्स, टेस्लिन, वॉटसन लेक. प्रत्येक मुक्कामाला चहाआधी खुणांची फेरी. दगडाच्या रेघा जागच्या जागी. छतावरच्या समांतर रेघाही तशाच. त्या जुनं दुखणं आहेत, त्यांच्या वाटेला जायचं नाही. दाराचा पॅच गुळगुळीत, कपाटाचे रिव्हेट घट्ट. लिआर्ड हॉट स्प्रिंग्जला मात्र मागच्या अंगाची एक रेघ खुणेच्या पुढे गेलेली सापडली. या वेळी चीर बघत बसलो नाही. तिच्या वर काय लटकलंय ते बघितलं. स्टेपनी. कवचाला बोल्ट मारून टांगलेलं, चांगलं वजनदार चाक, हजारो किलोमीटर हिंदकळत आलेलं. ते तिथून काढून गाडीच्या डिकीत टाकलं, बायकोने नव्या टोकाला खूण करून नवी तारीख घातली. डॉसन क्रीकला पोचेपर्यंत ती रेघ तिथेच होती. घरी आल्यावर मागच्या भागाला आतून पॅच मारायचा आहे, पण त्याआधी स्टेपनीसाठी खालच्या लोखंडी चौकटीवर स्टँड बसवायचा. रंगाचा डबा मी आणलेला नाही.